गाण्यातला शब्द डिक्शनरीत सापडत नाही? आधी हे तपासा

हळदीच्या मांडवात गाणं लागलं की सगळे नाचतात, आणि मधल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की सगळे डीजेकडे बघायला लागतात. मी गाण्यांच्या व्हिडिओंना सबटायटल लिहिते, त्यामुळे डीजेकडे बघून माझी सुटका होत नाही. आमच्या कामाच्या ग्रुपवर महिन्यातून दोनतीनदा तरी ठरलेला मेसेज येतो: "ताई, हा शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाहीये. काय लिहू?" दर वेळी फोन करून तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

बहुतेक वेळा तो शब्द डिक्शनरीत असतो. आपण त्याला भलत्याच नावानं हाक मारत असतो, म्हणून तो ओ देत नाही. खरोखर कोशाबाहेरचे शब्दही आहेत, पण त्यांच्याकडे शेवटी वळायचं.

माझी फजिती: "गारी"

मी मूळची कऱ्हाडची. आगरी बोली कानावर पडली ती नोकरीसाठी पनवेलला आल्यावर. सुरुवातीच्याच दिवसांत हातात एक आगरी हळदीचं गाणं आलं. त्यात नवरदेवाकडची मंडळी "गारीन" आली होती. नेटवर "गारी" शोधलं तर लगेच उत्तर मिळालं: उत्तर भारतात लग्नात बायका वरपक्षाला चिडवायला शिव्यांची गाणी म्हणतात, त्यांना गारी म्हणतात. माहिती खरी आहे, बुंदेलखंडात आणि भोजपुरी मुलखात ही रीत आहे. गाणंही लग्नाचंच. अर्थ इतका चपखल बसला की पुढं तपासायची बुद्धीच झाली नाही. मी लिहिलं, "वऱ्हाड शिव्यांची गाणी गात आलं."

दुसऱ्या दिवशी उरणच्या मैत्रिणीनं तो व्हिडिओ आईला दाखवला आणि मावशींनी मला फोन लावला.

"अगो, आमचे लोक शिव्या देत आयले असा कुनी सांगला तुला?"

"मावशी, गारी म्हणजे शिव्यांची गाणी ना?"

"गारी म्हंजे गारी! परवा तू आमचे घरा कशान बसून आयलीस?"

"गाडीत."

"मंग? तीच गारी."

आगरीत आणि कोळी बोलीत "ड"चा "र" होतो. गाडी ती गारी, जोडी ती जोरी, घोडा तो घोरा. "ढ"सुद्धा त्याच वाटेनं जातो: केवढा म्हणजे "कवरा", एवढा म्हणजे "यवरा". आणि शेवटचा "न" म्हणजे आपला "त": घरात ते "घरान", गाडीत ते "गारीन". "गाडी" हा शब्द कुठल्या कोशात नाही? मी चुकीच्या दारावर थाप मारत होते, आणि वाईट म्हणजे त्या दारातूनही कुणीतरी उत्तर दिलं.

तेव्हापासून एक गोष्ट पाळते. अर्थ पटकन आणि फारच छान बसला की मी थांबते.

आधी कान तपासा

शब्द शोधायच्या आधी शब्द तोच आहे ना हे बघा. "सैराट" २०१६ मध्ये आला तेव्हा इंदूरची माझी चुलत बहीण महिनाभर "याद लागलं" म्हणत होती. तिच्या हिंदी कानाला "याड" ऐकूच येत नव्हतं. कान नेहमी ओळखीच्या शब्दाकडे धावतो. म्हणून कागदावर लिहिताना समजलेला शब्द लिहू नका, ऐकू आलेला आवाज लिहा, मग तो कितीही वेडगळ दिसो.

वेग पाऊणपट करा, हेडफोन लावा, आणि ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं तिथं ऐका. पहिल्यांदा बऱ्याचदा ढोलकी नाहीतर बेंजो शब्दावर चढून बसलेला असतो. यमकही मदत करतं. खालची ओळ "-आरी"वर संपत असेल तर वरच्या ओळीच्या शेवटच्या शब्दाबद्दल फार शंका घ्यायला नको. आपोआप येणाऱ्या कॅप्शनवर मात्र अजिबात विसंबू नका. बोलीतल्या शब्दाऐवजी जवळचा दिसेल तो हिंदी शब्द चिकटवून ते मोकळं होतं. लिरिक्सच्या साइटही एकमेकींचंच उचलतात, त्यामुळे पाच ठिकाणी एकच स्पेलिंग दिसलं म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असं होत नाही.

मग विचारा: हा शब्द कुणाच्या तोंडचा?

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. गाणं कुठल्या मुलखातलं हे कळलं की अर्धी किल्ली हाती येते.

देशावरची बोली मला घरची, म्हणून तिच्यापासून सुरू करते. सातारा, सांगली, सोलापूरकडे सुरुवातीच्या अक्षरातला "ए" पसरतो: तेल ते "त्याल", शेत ते "श्यात", वेड ते "येड" आणि पुढं "याड". "ओ"चं तसंच: पोर ते "प्वार", चोर तो "च्वार". शब्द "ओ"नंच सुरू होत असेल तर तिथं "व" येऊन बसतो, ओळख ती "वळख", ओठ तो "व्हट". सुरुवातीचा "वि" गळून "इ" उरतो: विचार तो "इचार", विसरणं ते "इसरणं". "इस्तू" ऐकून पुण्याची मुलं गोंधळतात. तो विस्तव आहे. माझी आजी शेजारणीकडे इस्तू मागायला जायची, म्हणजे चुलीतला निखारा आणायला. गाण्यात काळजात इस्तू पडला असेल तर आता कळलं काय पडलं ते.

वऱ्हाडात "ळ"चा "य" होतो. डोळे ते "डोये", शाळा ती "शाया". इथला खरा सापळा म्हणजे "काया". प्रमाण मराठीत काया म्हणजे देह, आणि प्रेमाच्या गाण्यात देह कुठंही बसवता येतो. पण वऱ्हाडी गाणारा "काया काया" म्हणत असेल तर तो बहुधा काळा रंग सांगतोय. सोबत "काऊन", "पोट्टी", "माह्या" असले शब्द आहेत का बघा, म्हणजे मुलूख पक्का होतो.

आगरी-कोळी गाण्यांत "ड-र"शिवाय "ळ"चा "ल" आणि "ण"चा "न" होतो. "जल्ला मेला" हे सगळ्यांना पाठ असतं, पण "जल्ला" म्हणजे "जळला" हे पुष्कळांना माहीत नसतं. शिवी म्हणावी तर शिवी, आणि मायेनं उच्चारली तर "काय बाई तरी" इतकीच.

अहिराणीत मी सर्वात जास्त वेळा अडखळले. खान्देशातली गाणी हल्ली धुळे-जळगाव ओलांडून पुण्याच्या वरातींतही वाजतात. त्यात "ना" आणि "नी" सतत येतात, आणि आपला कान "ना" ऐकला की नकार समजतो, नाहीतर लाडिक "हो ना" समजतो. अहिराणीत "ना, नी" म्हणजे आपले "चा, ची". "गावना पोर" म्हणजे गावाचा पोर, गाव नसलेला नव्हे. "शे" म्हणजे आहे, "मन्हा" म्हणजे माझा, "तुन्ही" म्हणजे तुझी, "आंडोर" म्हणजे मुलगा आणि "आंडेर" म्हणजे मुलगी. इंग्रजांच्या काळातल्या ग्रियर्सन नावाच्या भाषाअभ्यासकानं भारतीय भाषांची पाहणी छापली तेव्हा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला, पण खान्देशी, म्हणजे अहिराणी, त्यात घातलीच नाही. ती १९०७ च्या वेगळ्या भागात भिल्ली भाषांशेजारी ठेवली. त्यानं बरोबर केलं की चूक यावर जळगावात आजही भांडण लावता येईल. आपल्या कामापुरतं इतकंच की अहिराणी गाण्याला मराठीचं व्याकरण लावून चालत नाही, "ना"चा काटा हटकून रुततो.

आता कोश उघडा, पण जुन्या पद्धतीनं

आवाजावरून प्रमाण रूप काढलं की मग कोश. मी दोन वापरते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी, मोठी १८५७ ची. आणि दाते-कर्वे यांचा सात भागांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात.

"ताई, तिथं 'झिंगणे'पण सापडत नाही" असा मेसेज आला की मला कारण न विचारताच कळतं. हे कोश जुन्या लेखनाचे आहेत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण कोशात ते तसेच आहेत. तिथं "करणे" नसतं, "करणें" असतं. शेवटच्या मात्रेवर अनुस्वार देऊन बघा, किंवा शब्दाचा नुसता पुढचा भाग टाका. मी पाहिलेल्या "सापडत नाही"पैकी कितीतरी या एका टिंबानं सुटल्यात.

दाते-कर्वे उघडलात तर कंसातली छोटी अक्षरं वाचा. "व." म्हणजे वऱ्हाडी, "गो." म्हणजे गोमंतकी, "कु." म्हणजे कुडाळी. मुलूख ओळखताना काढलेला अंदाज इथं ताडून बघता येतो. उच्चार कानानं पडताळायचा असेल तर डेक्कन कॉलेजनं केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणं ऑनलाइन आहेत. गावोगावची माणसं आपापल्या बोलीत बोलताना ऐकू येतात. गाण्यापेक्षा ते ऐकून कान लवकर तयार होतो, कारण तिथं बेंजो नसतो.

काही शब्द धंद्याचे असतात. "डोलकर" घ्या. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोळ्याच्या वेशात आपण सगळेच डोललोय, त्यामुळे लाटांवर डोलतो तो डोलकर असंच मनात बसलंय. पण "डोल" हे जाळं आहे. भलंमोठं पिशवीसारखं जाळं, समुद्रात एका जागी खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडं ठेवायचं, पाण्याबरोबर बोंबील आणि जवळा आपसूक आत येतो. ती डोल लावतो तो डोलकर. "नाखवा"ही तसाच, फारसी नाखुदावरून आलेला, म्हणजे होडीचा मालक-तांडेल. हे शब्द कोशापेक्षा बंदरावर लवकर कळतात.

शब्द सापडला, पण अर्थ जुळत नाही

कोशात "पेटी" आहे, गाण्यातही "पेटी" आहे, आणि तरी ओळ लागत नाही. भजनाच्या गाण्यात पेटी म्हणजे हार्मोनियम. देवगडच्या माणसानं म्हटली तर आंब्याची. आणि मुंबईच्या रॅपमध्ये, विशेषतः मागंपुढं पोलीस किंवा बिल्डर असेल तर, पेटी म्हणजे एक लाख रुपये. त्याच हिशेबात "खोका" म्हणजे एक कोटी. हा शब्द पूर्वी समजवायला पाच मिनिटं लागायची. २०२२ च्या सत्तांतरानंतर विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा दिल्या आणि माझं ते काम कायमचं संपलं. आता आजीलाही खोका कळतो.

अशा वेळी मूळ अर्थ फेकून देऊ नका, त्यातूनच नवा निघालेला असतो. "राडा" म्हणजे चिखल, रबरबाट. पावसात गुरांच्या गोठ्यापुढं होतो तो. तिथून तो मुंबईत हाणामारीपर्यंत आला. "रावस" हा चांगल्या किमतीचा मासा, म्हणून बंबय्यात रावस म्हणजे एकदम उत्तम. "छावा" म्हणजे सिंहाचं किंवा हत्तीचं पिल्लू. संभाजी महाराजांच्या संदर्भात तोच अर्थ घ्यायचा, पण मुंबईच्या जुन्या कॉलेज-कट्ट्यावर "त्याची छावी" म्हणजे त्याची मैत्रीण. हे दोन अर्थ एकमेकांच्या जागी गेले तर काय होईल ते मी सांगायला नको.

"भिडू" तर आपल्या लगोरी-कबड्डीतला, आपल्या बाजूनं खेळणारा. मुंबईच्या सिनेमात तो दोस्त झाला आणि इतका मोठा झाला की २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ आपलं नाव, आवाज, चेहरा यांवरच्या हक्कांसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्या दाव्यात "भिडू"ही होता. त्याच्या आदल्या वर्षी अनिल कपूर यांच्या दाव्यात "झकास" होता. आमच्या गल्लीत दुपारभर भिडू वाटून घेताना हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

इंग्रजी शब्द दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. कोल्हापूरचा पोरगा "विषय हार्ड" म्हणतो तेव्हा विषय अवघड नसतो, भारी असतो. २०१९ च्या "गली बॉय"नंतर मुंबईतलं "बहोत हार्ड" देशभर गेलं, त्याचाही अर्थ तोच. एका नवख्या मुलानं त्याचं "फार कठीण" केलं होतं. पडद्यावर पोरं आनंदानं उड्या मारतायत आणि खाली लिहिलंय फार कठीण!

आणि हो, गाणं कोणत्या सालातलं ते बघा. नव्वदच्या दशकातल्या टपोरी गाण्यातली "कल्टी" आणि "सुमडी" आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाला विचारून उपयोग नाही. त्याच्या बापाला विचारा. कल्टी मारणं म्हणजे सटकणं, सुमडीत म्हणजे गुपचूप.

जिथं शब्दच नसतो

पोवाड्यातलं "जी जी रं जी" कुठंही शोधू नका. ते झीलकऱ्यांचं काम आहे: शाहिराची ओळ संपते तिथं सूर धरायचा, त्याला दम घ्यायला जागा द्यायची. सबटायटलमध्ये ते जसंच्या तसं ठेवा. ढोलकीचे बोल तोंडानं म्हटलेले असतात तेही तसेच.

"झिंगाट" मात्र या खात्यात टाकू नका. त्यात "झिंग" आहे, आणि तो "आट" आपण रोज वापरतो: भन्नाट, सुसाट, मोकाट, बुंगाट. शेवटी "आट" आला की काहीतरी ताबा सोडून, जोरात, भरपूर चाललंय. नवीनच शब्द कानावर आला आणि शेवट असा असला, तर मूळ सापडलं नाही तरी ओळीचा सूर चुकत नाही.

लावणीबद्दल एवढंच सांगते: ऊस, बोरं, मळा, हरभरा यांचा अर्थ कोशात शेतीचा दिलाय आणि तो बरोबर आहे. बाकीचा अर्थ फडात बसलेल्यांना कळतो. सबटायटलमध्ये ऊसच लिहा. उलगडून सांगितलं की लावणीही जाते आणि तुमचं कामही.

खरंच कोशाबाहेरचा निघाला तर

"बंटाय" असाच. मुंबईच्या रॅपमधला, अर्थ भाऊ, दोस्त. एका नामांकित रॅपरच्या नावातच तो आहे, एमिवे बंटाय. तरी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्याकडे तो मागणं म्हणजे पणजोबांना वायफायचा पासवर्ड विचारणं. इथं माणसालाच विचारावं लागतं.

विचारताना "याचा अर्थ काय" असं विचारू नका. माणसं शब्द वापरतात, त्यांची व्याख्या करत बसत नाहीत. "गारी म्हंजे गारी" हेच उत्तर मिळतं. "हे तुम्ही कधी म्हणता? कुणाला म्हणता? आईसमोर म्हणाल का?" असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला की शब्दाला दुसरा अर्थ आहे हे कळतं, आणि तो सबटायटलमध्ये कसा झाकायचा हेही. एका तरुण माणसाला आणि एका म्हाताऱ्या माणसाला वेगवेगळं गाठून विचारा. दोघं एकत्र बसले की तरुण गप्प बसतो.

मिळालेलं वहीत लिहून ठेवा: शब्द, गाव, कुणी सांगितला त्याचं अंदाजे वय, आणि त्यानं बोलून दाखवलेलं एक अख्खं वाक्य. अर्थापेक्षा ते वाक्य पुढं जास्त कामाला येतं.

हे लिहीत असतानाच आमच्या नव्या मुलाचा मेसेज आला. कोळीगीत करतोय.

"ताई, 'होरी' म्हणजे होळीचं गाणं ना? शास्त्रीय संगीतात होरी असतेच. आणि कोळीवाड्यात होळी मोठी असते, म्हणजे बसतंय. टाकू?"

फारच छान बसतंय, म्हणून मी विचारलं, "व्हिडिओत काय दिसतंय?"

"दर्या. जाळी. चारपाच जण वल्हं मारतायत."

"कशात बसून?"

दोन मिनिटं काहीच आलं नाही. मग आलं, "होडी. समजलं ताई."